खोटे एकाने सांगितले, बाकीचे गप्प राहिले : पतसंस्थेतील ठेवीचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातील एका नागरी सहकारी पतसंस्थेत माझे अकरा लाख रुपये अडकले आहेत. ही रक्कम माझ्या आणि माझ्या दिवंगत यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून बाजूला ठेवलेली होती. संस्थेच्या चेअरमनने काय केले, हे वर्तमानपत्रांत छापून आले आहे आणि त्याचा निकाल न्यायालय देईल. खटला चालू असल्यामुळे संस्थेचे किंवा कोणाचेही नाव मी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते वेगळ्याच माणसांविषयी. संस्था पोकळ झाली आहे हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते, ज्यांनी स्वतः एक पैसाही खाल्ला नसेल, पण ज्यांनी समोर बसलेल्या ठेवीदाराला ते सांगितले नाही, त्यांच्याविषयी हा अनुभव आहे.

‘जास्त व्याजाचा मोह नडला’ असे ऐकवणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे आधीच स्पष्ट करते. ही दामदुप्पट योजना नव्हती, महिन्याला पाच टक्के देणारी एखादी रातोरात उगवलेली कंपनीही नव्हती. संस्था पंचवीस वर्षे जुनी, स्वतःच्या इमारतीत असलेली आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदवलेली होती. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा तिचे व्याज सुमारे दोन टक्क्यांनी जास्त होते आणि ज्येष्ठ नागरिकांना वर अर्धा टक्का मिळे. दारातच ‘लेखापरीक्षण वर्ग अ’ अशी पाटी होती, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार दरवर्षी होत असे आणि बाजारपेठेतील निम्म्या दुकानांत संस्थेची पिग्मी एजंट रोज संध्याकाळी फिरत असे. संशय घ्यावा असे वरून काहीही दिसत नव्हते, कारण तसे दिसू न देण्यासाठीच बरेच कष्ट घेतले गेले होते.

ते कष्ट कोणत्या प्रकारचे असतात, हे मला नंतर चौकशीच्या कागदांतून समजले. चेअरमनच्या नातेवाइकांच्या काही व्यवसायांना दुसऱ्यांच्याच नावांवर कर्जे दिलेली होती. त्या कर्जांची परतफेड होत नव्हती, पण प्रत्येक मार्च महिन्यात त्यांचे नवे-जुने होई. म्हणजे जुने थकलेले कर्ज आणि त्यावरचे व्याज मिळून जी रक्कम होई, तेवढ्याच रकमेचे नवे कर्ज त्याच माणसाला किंवा त्याच्या भावाला कागदोपत्री मंजूर करून जुने खाते फिटल्याचे दाखवायचे. त्यामुळे थकबाकी दिसत नाही. जे व्याज कधी हातात आलेच नाही ते ‘येणे व्याज’ म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते आणि नफ्यातही धरले जाते, नफा दिसला की लाभांश वाटता येतो, आणि लाभांश वाटला की सभासद खूश होतात. कायद्याने लाभांशाची कमाल मर्यादा पंधरा टक्के आहे आणि आमची संस्था अनेक वर्षे त्या मर्यादेच्या अगदी जवळ लाभांश देत होती. ज्या ठेवींची मुदत संपे त्या परत दिल्या जात होत्या हे खरे, परंतु त्या नव्याने आलेल्या ठेवींतून दिल्या जात होत्या.

हा सगळा खटाटोप एका माणसाला एकट्याने जमत नाही. कर्जप्रकरणावर सही करणारा व्यवस्थापक लागतो, सभेत हात वर करणारे संचालक लागतात आणि शेरे सौम्य करणारा लेखापरीक्षक लागतो. यांतला प्रत्येक जण खोटे बोललाच असे नाही, आणि ठेवीदाराची खरी अडचण तिथेच होते. उघड खोटे बोलणारा माणूस निदान कधीतरी शब्दांत सापडतो, पण जो फक्त विचारल्यापुरते आणि मोजून उत्तर देतो त्याचे बोलणे आपण सगळ्यांत विश्वासाचे मानतो.

संस्थेचा व्यवस्थापक माझा विद्यार्थी होता. माझ्या ठेवीची मुदत संपली तेव्हा गावात थोडी कुजबुज सुरू झाली होती, म्हणून मी त्याच्या टेबलासमोर बसून सरळ विचारले, की पैसे ठेवावेत की काढून घ्यावेत? तो म्हणाला, “बाई, आजवर आपल्या संस्थेने मुदत संपलेली एकही ठेव परत करायची ठेवलेली नाही.” हे वाक्य त्या दिवशी अक्षरशः खरे होते. माझा प्रश्न पुढच्या वर्षाविषयी होता आणि त्याने उत्तर मागच्या पंचवीस वर्षांविषयी दिले. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, तरी ते आपल्या तोंडावर कोणी म्हटले तर चटकन ओळखता येत नाही. संस्थेवर पुढे नेमलेल्या प्रशासकांनी ठेवीदारांची यादी तयार केली तेव्हा समजले, की या बोलण्याच्या काही आठवडे आधीच त्याने स्वतःच्या आईच्या नावावरची ठेव मुदतीपूर्वी मोडून काढून घेतली होती. मुदतीपूर्वी मोडल्यामुळे व्याजात झालेले नुकसानही त्याने सोसले होते. आईला वाचवले याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. पण ज्या खुर्चीत बसून त्याने आईची पावती मोडली, त्याच खुर्चीत बसून माझी पावती नवी केली, आणि ही दोन कामे एकाच माणसाने एकाच हाताने कशी केली हे मला अजून उमगलेले नाही.

दुसरे गृहस्थ संचालक मंडळावर होते. यजमानांचे जुने मित्र, आमच्याच आळीतले. ते मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भाऊजी. व्यवस्थापकाशी बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडेही गेले. मी जे म्हटले ते मला नीट आठवते, कारण नंतर ते मला जबाबात लिहून द्यावे लागले. “भाऊजी, तुम्ही आत आहात. काही कमीजास्त असेल तर आत्ताच सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत, तर सगळे ठीक आहे असे समजून मी पावती नवी करते.” भाऊजींनी आतल्या बाजूला वळून चहा टाकायला सांगितला आणि माझ्या मुलीच्या नोकरीची चौकशी केली. संस्थेविषयी ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. मी चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पावती नवी केली.

आमच्या वकिलांनी पुढे मला भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 17 वाचून दाखवले. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असे तिथे म्हटले आहे. मात्र परिस्थिती अशी असेल की बोलणे हे त्या माणसाचे कर्तव्यच ठरते, किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर ते कपट होते. त्या कलमाखाली एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत. घोडा सदोष आहे हे माहीत असूनही विकणारा काही न बोलता तो लिलावात विकतो, तेव्हा ते कपट नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य येते. आणि घेणारा म्हणाला, की ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’, आणि त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच होय. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेले ते उदाहरण ऐकताना मला भाऊजींच्या ओटीवरचा प्रसंगच कोणीतरी मांडून ठेवल्यासारखे वाटले. फौजदारी कायद्यातही अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे ही फसवणूकच मानली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 415 च्या स्पष्टीकरणात ते होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्येही ते आहे. अर्थात प्रत्येक गप्प बसणारा यात सापडेल असे नाही. हेतू सिद्ध करावा लागतो आणि ते काम अवघड आहे.

लेखापरीक्षकाची गोष्ट मात्र निराळी, कारण बोलण्यासाठीच त्याला पैसे मिळतात. संस्था बुडण्याच्या काही वर्षे आधी एका लेखापरीक्षकाने नातेवाइकांच्या कर्जांविषयी आणि हातातील रोख शिल्लक प्रमाणाबाहेर असल्याविषयी गंभीर शेरे लिहिले होते. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संचालक मंडळाच्या शिफारशीवरून दुसऱ्या लेखापरीक्षकाची नेमणूक झाली. तो ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाल्याची नोंद आहे. नव्या अहवालातून ते शेरे नाहीसे झाले आणि ‘अ’ वर्गाची पाटी कायम राहिली. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 नुसार हिशेबाच्या बाबतीत कोणी गुन्हा केला असल्याच्या निष्कर्षाला लेखापरीक्षक आला, तर त्याने सहकार खात्याच्या निबंधकांकडे विशेष अहवाल द्यायचा असतो आणि त्यांच्या लेखी परवानगीने फिर्यादही नोंदवायची असते. त्यात कसूर केली तर त्याचे नाव नामिकेतून, म्हणजे लेखापरीक्षकांच्या मान्य यादीतून, काढले जाऊ शकते. म्हणजे गप्प बसण्याची मुभा कायद्याने त्याला ठेवलेलीच नाही. पहिल्या लेखापरीक्षकाचा अहवालही सहायक निबंधकांच्या कार्यालयात पोहोचला होता. त्यावर संस्थेने दोषदुरुस्ती अहवाल द्यायला हवा होता, तो दिला गेला नाही, आणि तो का आला नाही असे कार्यालयातून कोणी विचारल्याचे एकही पत्र आम्हाला सापडलेले नाही. तो कागद त्या कार्यालयातील किती टेबलांवरून फिरला असेल याची मी कल्पना करू शकते. प्रत्येक टेबलावरच्या माणसाला वाटले असणार, की पुढचा बघेल.

अखेरचे आठवडे सगळीकडे असतात तसेच गेले. आधी संगणक बंद असल्याचे सांगण्यात आले, मग आठवड्याला ठरावीक रक्कमच मिळेल असे झाले, आणि नंतर ‘रिझर्व्ह बँकेचे ऑडिट चालू आहे, ते संपले की सगळे सुरळीत होईल’ असे उत्तर मिळू लागले. हे शेवटचे वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावे, कारण ते ऐकले की समोरचा माणूस खोटे बोलत आहे हे त्याच क्षणी ओळखता येते. राज्याच्या कायद्याखालील पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येतच नाही. तिच्यावर नियंत्रण सहकार खात्याचे असते, आणि तिला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरण्यासही कायद्याने मनाई आहे.

शटर खाली आल्यावर लोकांचा सगळा राग कोणावर निघाला, तर त्या पिग्मी एजंट बाईवर. ती रोज दारात येणारी होती, तिचे घर सर्वांना माहीत होते, आणि चेअरमन तर गावात नव्हताच. भाजीवाल्यांनी तिला बाजारात अडवले, तिच्या मुलाला शाळेत बोलणी खावी लागली. वस्तुतः आत काय चालले आहे हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते. तिच्या स्वतःच्या दोन पावत्याही त्यात बुडाल्या. ज्यांना सर्व ठाऊक होते त्यांच्या दारात कोणी गेले नाही, कारण ते काही बोललेच नव्हते, आणि न बोललेल्या शब्दाचा जाब विचारायला जायचे तरी कुठे? एका ओळखीच्या कुटुंबाला मुलीचे ठरलेले लग्न पुढे ढकलावे लागले. एका शेतकऱ्याने विहीर विकून आलेले पैसे तिथे ठेवले होते, तो आता त्याच विहिरीच्या पाण्यावर दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतो.

ठेवीदारांनी एकत्र येऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे फिर्याद दिली. भारतीय दंड संहितेच्या फसवणूक व विश्वासघाताच्या कलमांबरोबरच महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, 1999, म्हणजे ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात, त्याचे कलम 3 लागले. हे कलम लावून घेण्याचा आग्रह ठेवीदारांनी जरूर धरावा, कारण त्या कायद्याखाली संस्थेच्याच नव्हे तर संचालकांच्या आणि जबाबदार व्यक्तींच्या मालमत्तेवरही टाच आणता येते. त्या मालमत्ता विकून पैसे हाती येण्यास मात्र वर्षे लागतात. विम्याची आशा कोणी ठेवू नये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले आणि एकाच उद्योगसमूहाची प्रचंड कर्जे लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले, तेव्हा तिथल्या ठेवीदारांचे हाल झालेच. पण ती बँक होती म्हणून तिथे ठेव विम्याचे संरक्षण तरी होते, आणि त्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेली गेली. पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण नाही. हे पतसंस्थेच्या पावतीवर ठळक छापलेले मी कुठेही पाहिले नाही, आणि न छापणे हाही एक प्रकारचा गप्पपणाच आहे.

याच काळात पावत्या विकत घेणारे दलाल फिरू लागतात. शंभर रुपयांच्या ठेवीचे तीस-चाळीस रुपये रोख देतो, पावती आमच्या नावे लिहून द्या, असे ते सांगतात. ती पावती एखाद्या बड्या कर्जदाराच्या कर्जात पूर्ण किमतीने वळती केली जाते आणि त्याचे कर्ज निम्म्याहून कमी पैशांत फिटते. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेच्या अवसायनात, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, असेच घडल्याच्या आरोपावरून 2020 मध्ये गुन्हे दाखल झाले आणि खुद्द अवसायकावरही कारवाई झाली. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये, दाव्यासोबत छायाप्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

पैसे ठेवण्यापूर्वी काय पाहावे, असे मला आता पुष्कळ जण विचारतात. दारावरच्या पाटीपेक्षा लेखापरीक्षण अहवालातील शेरे वाचावेत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 32 नुसार सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांची इतिवृत्ते कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतात. अनेक संस्था ठेवीदाराला केवळ नाममात्र सभासद करून घेतात, त्याला मतदानाचा हक्क नसतो, म्हणून आपण कोणत्या प्रकारचे सभासद आहोत ते आधी विचारावे. ताळेबंदात ‘येणे व्याज’ दरवर्षी वाढत असेल, रोख शिल्लक अवाजवी असेल आणि लेखापरीक्षक एकाएकी बदलला असेल, तर या तीन गोष्टी एकत्र असताना तिथे पैसे ठेवू नयेत. आणि प्रश्न विचारायचा तो असा विचारावा, की त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच देता येईल. ‘संस्था कशी आहे’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज दिले आहे का’ आणि ‘तुमच्या घरातल्यांची ठेव इथे आज आहे का’, हे दोन प्रश्न लेखी द्यावेत व त्यांचे उत्तर लेखी मागावे. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर समजावे.

आता सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची चौकशी चालू आहे आणि सर्वच संचालकांना नोटिसा निघाल्या आहेत. कलम 73 मध्ये संचालक मंडळाचे सदस्य संस्थेच्या हिताला बाधक ठरणाऱ्या कृतींबरोबरच, जे करायला हवे होते ते न करण्यासाठीही, संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार धरले आहेत. त्यातून सुटण्याची वाटही त्याच कलमात आहे. ज्याला निर्णय पटला नसेल त्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवावा आणि हवे तर सात दिवसांत निबंधकांना लेखी कळवावे. जो सभेला हजर नव्हता आणि ज्याने नंतर इतिवृत्त कायमही केले नाही, तोही जबाबदार राहत नाही. भाऊजी बहुतेक सभांना जातच नसत. परंतु शिपाई प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, वही घरी घेऊन येई आणि ते ओटीवर बसून सही करून देत. एका ओळीचा विरोध त्या वहीत लिहिला असता, तर त्यांचे घर आज जप्तीच्या यादीत नसते आणि माझी पावतीही मी नवी केली नसती.

गेल्या महिन्यात भाऊजी एक टाइप केलेले प्रतिज्ञापत्र घेऊन माझ्याकडे आले. पावती नवी करण्यापूर्वी त्यांनी मला संस्थेच्या स्थितीविषयी तोंडी सावध केले होते, असे त्यात लिहिले होते. माझ्या सहीची जागा मोकळी होती. “वहिनी, तुमचे पैसे तर गेलेच आहेत. या सहीने तुमचे काही जाणार नाही आणि माझे घर वाचेल,” असे ते म्हणाले. त्यांच्या पत्नीची प्रकृती बरी नसते हे मला माहीत आहे, आणि त्यांनी एक रुपयाही घेतला नसावा असे मला आजही वाटते. मी त्यांना सांगितले, की ही सही मी केली तर इतर ठेवीदारांच्या वाट्याला येणाऱ्या वसुलीतून तुमच्या घराची रक्कम वजा होईल, आणि ते त्यांना न सांगता मी केलेले असेल. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी त्या दिवशी काय विचारले आणि त्यावर तुम्ही काय बोलला नाहीत, ते जसेच्या तसे सांगेन. रक्कम खाल्ल्याचा आरोप तुमच्यावर करणार नाही, कारण तोही खोटा ठरेल. प्रतिज्ञापत्र त्यांनी घडी घालून परत नेले. माझी साक्ष पुढील तारखेला आहे.